दहा सेकंदांची राखण

कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी आधी स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडते आणि मग गॅस बंद करायला जाते. कुकर उडालाच तर पळायला वाट हवी. आमचे हे, म्हणजे सुधीर, लग्नापासून यावर हसत आले आहेत. गावाला जाताना मी कुलूप तीनदा ओढून बघते आणि रिक्षात बसल्यावर उतरून चौथ्यांदा ओढते. पाल, वीज, उंच जिना, अनोळखी नंबरचा फोन, सगळ्यांना घाबरते. अशा बाईकडे मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतला थरार’ मागितला गेला, तेव्हा सुधीर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

थरार एकच आहे, तो सांगते. पण त्याआधी मी काय काम करत होते ते सांगायला हवं, कारण मिरजेच्या माझ्या आत्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. “आमची शुभदा म्हैसूरला मोबाईलच्या काचा बसवते,” असं ती लोकांना सांगायची.

काचा मी बसवत नव्हते. तुम्ही ज्या पडद्याला बोट लावता त्याच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जाळीतल्या विजेत किंचित फरक पडतो. नखाएवढी एक चिप तो फरक सतत मोजत बसते, तिला टच कंट्रोलर म्हणतात. पण या चिपला बोट म्हणजे काय ते कळत नाही, नुसते आकडे कळतात. हे आकडे बोटाचे, घामाच्या थेंबाचे की शेजारी लावलेल्या चार्जरच्या खरखरीचे, हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. ते सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत, धरणाच्या रस्त्यावर आमची छोटी कंपनी होती. मूर्ती सर मालक. आम्ही चिप विकायचो आणि तिच्याबरोबर एक किट द्यायचो. किटमध्ये लायब्ररी म्हणजे आमचं तयार सॉफ्टवेअर, पडदा जुळवून घेण्याचा प्रोग्रॅम, जाडजूड पुस्तिका आणि एक नमुना प्रोग्रॅम.

आमचे ग्राहक म्हणजे लिफ्ट, वजनकाटे, दवाखान्यातली यंत्रं बनवणारे लोक. त्यांना आपल्या यंत्राला पडदा हवा असतो, पण बोटाची विद्या शिकायला त्यांना वेळ नसतो. कंपनीत नव्याने आलेल्यांना मी सांगायचे, आपण भाजणी विकतो, थालीपीठ ज्याचं त्याने थापायचं. आणि पाकिटामागे जशी कृती छापलेली असते तसा हा नमुना प्रोग्रॅम. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की पुस्तिका कोणी उघडत नाही. सगळे पाकीट उलटं करतात आणि कृती जशीच्या तशी उतरवून घेतात. यात लबाडी काही नाही, या धंद्यात तीच रीत आहे. मीसुद्धा दुसऱ्यांच्या किटमधून तेच करत आले.

या कामात माझा भित्रेपणा गुण ठरला. काय काय बिघडू शकेल याची यादी करायची झाली की सगळे माझ्याकडे बघायचे. एका देवस्थानाने पूजेची वेळ नोंदवायला पडदा लावला, तेव्हा मी विचारलं की लोक पडद्यावरच्या देवाच्या चित्राला कपाळ टेकवतील त्याचं काय. सगळे हसले. पहिल्याच दिवशी लोकांनी कपाळं टेकवली. एवढा मोठा स्पर्श सोडून द्यायचा, असं मी आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर प्रत्येक भक्ताच्या नावावर आणखी एक अभिषेक चढला असता. आणि मंड्याच्या बाजूला एका कारखान्यात एक वयस्कर फिटर पडदा दाबून दाबून रडकुंडीला आला होता. घट्टे पडलेली त्याची कोरडी बोटं चिपला दिसतच नव्हती. “मी आहे ना मॅडम, का मेलो?” असं त्याने कानडीत विचारलं. दोन दिवस त्याच्याशेजारी स्टुलावर बसून मी आकडे जुळवले. शेवटी पडद्याने त्याचं बोट ओळखलं, तेव्हा त्याने ते शर्टाला पुसून पुन्हा एकदा लावून पाहिलं. ते आठवलं की अजूनही बरं वाटतं.

माझ्या यादीत पहिला नंबर होता अडकलेल्या बोटाचा. माणूस बोट उचलून निघून जातो, पण काचेवरच्या एखाद्या ओल्या डागामुळे चिपला वाटत राहतं की बोट अजून तिथेच आहे. बटण दाबलेलंच राहतं. म्हणून अगदी सुरुवातीला मी लायब्ररीत एक ओळ घातली होती: एकाच जागी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ बोट असेल, तर ते माणसाचं नव्हे असं समजून सोडून द्या. कोणी शहाणा माणूस एका बटणावर दहा सेकंद बोट धरून उभा राहत नाही. कंपनीत याला टाइमआउट म्हणायचे. मी मनातल्या मनात त्याला राखणदार म्हणायचे.

मग बंगळूरचं प्रदर्शन आलं. त्यासाठी मी एक देखणा नमुना केला. पडद्यावर समईसारखा दिवा. त्याच्यावर बोट धरून ठेवलं की दिव्यात तेल चढत जातं, वरचा आकडा शंभरावर पोचला की ज्योत पेटते. शंभर व्हायला पंधरा सेकंद लागायचे. दहाव्या सेकंदाला राखणदार मध्ये पडायचा आणि आकडा सहासष्टवर अडकायचा. मूर्ती सर म्हणाले, “पब्लिकला वाटणार आपलं बिघडलंय.” खाली सामानाची गाडी हॉर्न वाजवत होती. किती सेकंद राखायचे ते प्रत्येक प्रोग्रॅमला ठरवता यायचं; मी नमुन्यात दहाच्या जागी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे राखणच नाही. शेजारी शेरा लिहिला, ‘फक्त प्रदर्शनापुरतं’, आणि माझ्या वहीत नोंद केली, ‘परत दहा करणे’. कुलूप चारदा ओढणारी मी, त्या दिवशी मात्र अजिबात घाबरले नाही.

दिवा लोकांना फार आवडला. सरांनी तो किटमध्ये पहिला नमुना म्हणून घालायला सांगितला. मी विसरले होते असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं होईल. वहीतली ती नोंद मी पुढच्या पानावर उतरवली, मग त्याच्या पुढच्या पानावर. दहा केलं की दिवा भरणार नाही, मग दिवा बदलावा लागणार, मग पुस्तिकेतली चित्रं बदलावी लागणार. पुढच्या आवृत्तीत करू, असं म्हणत दोन आवृत्त्या गेल्या.

त्या सुमाराला प्रसन्नकुमार नावाचा एक ग्राहक माझ्या मागे लागला होता. मूळचा सरगूरचा, शेतकऱ्याघरचा, हुशार आणि कमालीचा उतावळा. तो सिरिंज पंप बनवत होता. म्हणजे औषधाची सिरिंज एका यंत्रात अडकवायची आणि ते यंत्र तिचा दट्ट्या तासन्‌तास हळूहळू पुढे ढकलत औषध थेंबाथेंबाने शिरेत सोडणार. वेग वाढवायला पडद्यावर अधिकचं चिन्ह, कमी करायला उणेचं. त्याचे दिवसाला पाच फोन यायचे. एक दिवस फोन थांबले आणि पंधरा दिवसांनी तो म्हैसूरपाक घेऊन आला.

“चालू झालं मॅडम! पहिला पंप आमच्या सरगूरच्या दवाखान्यात दिला, बसस्टँडच्या मागं. चालवून बघा म्हणून.”

“एवढ्या लवकर?” मी म्हटलं.

“तुमचा दिवा घेतला. तेल काढलं, औषध घातलं. अष्टे!”

अष्टे म्हणजे एवढंच. मी हसले आणि म्हैसूरपाकाचा दुसरा तुकडा घेतला.

त्यानंतर महिन्याभराने आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात तीच, पण म्हैसूरला तिचा थाट वेगळा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घराघरांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा, आम्ही संगणक आणि टेस्टिंगचे बोर्ड. आमच्याकडे पूजेचा मान नागोजीरावांचा. हे आमच्या लॅबचे तंत्रज्ञ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते, म्हणून घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कानडी. सकाळी दहाच्या सुमाराला धूप लावून त्यांनी टेबलावरच्या प्रत्येक पडद्याला ओलं गंध लावलं, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल. दरवर्षी पूजेआधी आम्ही सगळं बंद करायचो. या वर्षी सरांच्या हौसेखातर दिव्याचा पडदा चालू ठेवला होता.

“नोडी, बघा मॅडम,” नागोजीराव म्हणाले, “ह्या दिव्यात तेल कोण घालतंय?”

कोणीच बोट लावलेलं नव्हतं. गंधाचा एक ओघळ काचेवरून उतरून खालच्या लोखंडी चौकटीला टेकला होता आणि आकडा चढत चढत शंभरावर जाऊन ज्योत पेटली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चामुंडीने स्वतः दिवा लावला, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसत होते. ओला ओघळ चौकटीला टेकला की चिपला तो बोटासारखा दिसतो, हे मला ठाऊक होतं. मी सवयीने मनात मोजत होते. दहा झाले. वीस झाले. ज्योत विझेना.

तेव्हा मला ती ओळ आठवली. आणि लगेच म्हैसूरपाक आठवला.

भीती मला नवी नाही, पण ही वेगळी होती. कुकरच्या भीतीत पाय पळायला तयार असतात. या वेळी पळायला वाटच नव्हती आणि मी कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, परातीवर हात टेकून उभी राहिले. सरगूरच्या दवाखान्यातही आज आयुधपूजा असणार. तिथल्या यंत्रांनाही कोणीतरी ओलं गंध लावणार, किंवा लावून झालं असेल. ओघळ अधिकच्या चिन्हावरून खाली उतरला तर वेग चढत जाणार, आणि थांबवायला राखणदार नाही. त्या पंपाच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे.

मी प्रसन्नकुमारला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दवाखान्याचं नाव मला माहीत नव्हतं. बसस्टँडच्या मागे, एवढंच तो म्हणाला होता. इंटरनेटवर सरगूरमधले दोन नंबर मिळाले, एक बंद होता आणि दुसरा औषधाच्या दुकानाचा निघाला, तिथे कोणी उचलेना. मूर्ती सर म्हणाले, “सुट्टीचा दिवस, पंप बंदच असेल.” दवाखान्याला सुट्टी नसते हे त्यांनाही माहीत होतं.

नागोजीरावांनी आरतीचं तबक खाली ठेवलं. “चला मॅडम, गाडी काढतो. तासा-दीड तासात जाऊ. सुम्ने, उगीच इथं उभं राहून काय होतंय?”

कंपनीच्या व्हॅनला नुकतीच केळीची पानं बांधली होती आणि काचेवर हळदीची बोटं उठवली होती. चाकाखालची लिंबं चिरडत आम्ही निघालो. दसऱ्याची गर्दी टाळायला रिंग रोडने गेलो. त्या रस्त्यावर दर शंभर पावलांवर कोणाची तरी गाडी आडवी लावून पूजा चालू होती. कुंकू भरलेले कोहळे रस्त्यात फोडलेले, सगळीकडे लाल चिखल. एरवी मला हे बघायला आवडतं. त्या दिवशी मला प्रत्येक बॉनेटवरचं गंध तेवढं दिसत होतं. मी फोन लावत होते, तो वाजत होता.

“भय पडू नका,” नागोजीराव म्हणाले. त्यांच्या मराठीत भीती वाटत नाही, भय पडतं.

“नागोजीराव, ती ओळ मी लिहिली.”

“गोत्तु, ठाऊक आहे मला. बोर्ड मीच तपासला होता त्या दिवशी. मीही बघितलं शून्य. मॅडमनी लिहिलं म्हणजे विचार करून लिहिलं असणार, असं वाटलं मला.”

ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला जास्तच लागलं. मी घाबरट म्हणून सगळे माझ्या भरवशावर निर्धास्त होते. हँडपोस्ट फाट्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची आणि मक्याची शेतं लागली. मी खिडकीबाहेर बघत हिशेब करत होते. पूजा नऊला झाली असेल तर आता दोन तास झाले. दोन तासांत सिरिंज किती वेळा रिकामी होते? तो हिशेब मी मध्येच सोडून दिला.

बसस्टँडच्या मागचा तो दवाखाना बैठा होता, दारात रांगोळी, चौकटीला आंब्याचे टहाळे. आत शिरल्या शिरल्या लांबट टेबलावर लाल कापड अंथरलेलं आणि त्यावर रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप, कात्र्या, अँब्युलन्सची किल्ली, सगळं ओळीने मांडलेलं. मधोमध प्रसन्नकुमारचा पंप. त्याच्या पडद्यावर गंधाचे तीन आडवे पट्टे आणि कुंकवाचा मोठा टिळा. खालच्या पट्ट्याचा ओघळ अधिकच्या चिन्हावरून चौकटीपर्यंत आला होता. पडदा चालू होता. वेगाचा आकडा जिथपर्यंत जाऊ शकतो तिथे जाऊन थांबला होता. यंत्रात सिरिंज होती. तिचा दट्ट्या तळाला जाऊन टेकला होता. सिरिंज रिकामी होती.

मी तिथल्या बाकावर बसले.

आतून एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांचं नाव गौरम्मा, हे नंतर कळलं. आमच्या गाडीवरचं कंपनीचं नाव त्यांनी वाचलं असावं. माझं कानडी बोलण्यापुरतं बाजारातलं आहे, ऐकण्यापुरतं चांगलं. त्या म्हणाल्या, “पंपवाले का? आज नका हात लावू. इवत्तु केलस इल्ला अदक्के.” आज त्याला काम नाही.

“पेशंट?” मला एवढंच विचारता आलं.

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे तीन दिवसांची बाळंतीण झोपली होती. रक्तदाब चढला म्हणून तिला औषध चालू होतं. प्रमाण वाढलं तर श्वास मंदावत जाणारं औषध होतं ते. तिच्या हाताला साध्या बाटलीची नळी होती. शेजारी तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टर मनगटावरचं घड्याळ समोर धरून थेंब मोजत होत्या, तेवढ्यात आमच्यासाठी उठून बाहेर आल्या होत्या.

नागोजीरावांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं. सकाळी सहाला सिस्टरनी पंप काढला. डॉक्टर म्हणाले चालू राहू द्या, पूजा होईल तशीच. सिस्टर म्हणाल्या, वर्षातून एक दिवस आयुधाला काम सांगायचं नाही, थेंब मी मोजते. अठ्ठावीस वर्षं मोजत आले, आजही मोजेन. पूजेला यंत्र रिकामं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी साध्या पाण्याची सिरिंज भरून लावली आणि औषधाचा नेहमीचा वेग ठेवून पंप चालू केला. दिवे लागलेलं यंत्र पूजेत शोभून दिसतं. गंध लावल्यावर थोड्या वेळाने तो ओरडायला लागला. गळतोय बहुतेक, उद्या सांगू, म्हणून त्यांनी खाली वाटी ठेवली.

त्या सिरिंजमधलं पाणी बारा तास पुरायला हवं होतं. सिस्टर म्हणाल्या की आरती संपून प्रसाद वाटेपर्यंत वाटी भरली होती.

मी नागोजीरावांना म्हटलं, “तुम्ही सांगा त्यांना. मला कानडीत जमणार नाही.”

“जमेल,” ते म्हणाले. “मी सांगितलं तर ते माझ्या तोंडचं होईल.”

मी उठून उभी राहिले. खूप काही सांगायचं होतं. नमुना, प्रदर्शन, लोक पुस्तिका वाचत नाहीत, पंप आमचा नव्हे, आम्ही फक्त किट देतो. यातलं सगळं खरं होतं. मला दोनच शब्द सुचले. “तप्पु नंदु,” मी म्हटलं. चूक माझी. मग मोडक्या कानडीत पाण्याच्या वाटीकडे हात करून समजावलं की यंत्र गळत नाहीये. त्याने ते पाणी स्वतः ढकललं. गंधाला बोट समजलं. उद्या ओल्या कापसाने पुसलं असतं तरी असंच झालं असतं.

सिस्टरनी वाटीकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे. “उद्या सकाळी सहाला मी हा परत लावणार होते,” त्या म्हणाल्या. “रोज स्पिरिटने पुसते मी तो. ओल्या कापसाने.” मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पंपाची वायर काढली, बटण दाबून पडदा बंद केला आणि यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. फूल तेवढं नीट परत ठेवलं. मग घड्याळ बघितलं आणि थेंब मोजायला आत निघून गेल्या.

प्रसन्नकुमारचा फोन संध्याकाळी आला. त्याने मोबाईलसुद्धा पूजेत ठेवला होता, दिवेलागणीपर्यंत उचलायचा नव्हता म्हणे. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, मी तुमचा शेरा वाचलाच नाही. कानडी नाही, इंग्रजी नाही, मराठीत होता तो.” ते खरं होतं. घाईत मी तो माझ्या भाषेत लिहिला होता, मला एकटीला कळेल असा. पंप त्याने त्याच रात्री जाऊन परत आणला.

दसरा संपल्यावर आमच्या कंपनीत ग्राहकांना पाठवायच्या पत्रावरून पेच पडला. मूर्ती सरांना लिहायचं होतं की नव्या आवृत्तीत काही सुधारणा केल्या आहेत, कृपया घ्याव्यात. मी म्हटलं, सुधारणा म्हटल्यावर कोणी घेत नाही, चूक म्हटल्यावर घेतात. सर म्हणाले, चूक म्हटल्यावर कोर्टात नेतात. त्या वादात मला नोकरी जायची भीती वाटत होती. पण भिंतीकडे तोंड केलेला तो पंप डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी मी लिहिलं, ‘आमच्या नमुन्यात चूक आहे. ती तुमच्या यंत्रात असू शकते. आज तपासा.’ सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि सही न करता कागद माझ्याकडे सरकवला. “तुम्हीच करा,” म्हणाले. मी केली. नोकरी राहिली. तेव्हापासून आमच्या लायब्ररीतला राखणदार कोणालाच शून्य करता येत नाही, मलाही नाही. दिव्यात तेल आता आठ सेकंदांत भरतं. एवढा साधा उपाय होता.

ज्यांची नावं आमच्याकडे होती त्यांना पत्र गेलं, बहुतेकांची उत्तरं आली. पण आधीची दोन वर्षं आमचं किट साइटवरून कोणीही नाव न सांगता उतरवून घेऊ शकत होतं. ते किती जणांनी घेतलं, कशाकशात घातलं, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. मी निवृत्त झाले ती हे ओझं घेऊनच. दवाखान्यात कोणाला भेटायला गेले की मी पेशंटच्या आधी त्याच्या उशाजवळच्या यंत्राकडे बघते. लोकांना वाटतं बाई माणूसघाणी आहे.

यंदाच्या दसऱ्यात आमच्या बोगादीच्या सोसायटीने नवी लिफ्ट बसवली, गुळगुळीत काचेच्या पडद्याची. आयुधपूजेला सेक्रेटरी म्हणाले, “शुभदाताई, तुम्ही ज्येष्ठ, गंध तुम्ही लावा.” सगळा मजला जमला होता. मी वाटीत बोट बुडवलं. चौकटीला लावून मोकळं होता आलं असतं. पण मी ते पडद्यावर लावलं, दार उघडं ठेवण्याच्या बटणावर, आणि ओघळ मुद्दाम खाली लोखंडापर्यंत नेला.

दार उघडंच राहिलं. बटणाशेजारी एक निळा दिवा भरत चालला. रंग बदलला होता, ज्योत काढून टाकली होती, पण दिव्याच्या डाव्या बाजूची ती वाकडी रेघ माझीच होती. मला सरळ रेघ कधी काढता येत नाही. मी मोजत होते. दहा. पंधरा, दिवा भरला. वीस. तीस. मागून कोणीतरी म्हणालं, देवीला वर जायचं नाही वाटतं, आणि सगळे हसले.

कारागिरांनी आत लावलेल्या पट्टीवरून लिफ्टच्या कंपनीचं नाव-पत्ता मी उतरवून घेतला, पदराने गंध पुसलं आणि बाहेर आले. दार सरकून बंद झालं. मी जिना चढून घरी आले. सुधीरना म्हटलं, आजपासून तुम्हीही जिन्याने. ते हसले नाहीत.

मग पत्र लिहायला बसले. तांत्रिक मजकूर इंग्रजीत लिहिला, सही केली. पण पत्राच्या माथ्यावर, नमस्काराच्याही आधी, मी कानडी अक्षरात दोन शब्द घातले. अक्षर वाकडंच आलं. तप्पु नंदु.